पंधरा सेकंदांची खाच

गाडीच्या डॅशबोर्डवरचं बारा व्होल्टचं गोल सॉकेट टॉर्चच्या उजेडात जरा वाकून पाहावं. साधारण २१ मिलिमीटर व्यासाची धातूची एक वाटी, तळाशी मधोमध एक बटण आणि बाजूला एकदोन स्प्रिंगा, एवढाच त्याचा संसार. वाटी म्हणजे निगेटिव्ह, ती गाडीच्या बॉडीला जोडलेली. तळाचं बटण पॉझिटिव्ह. स्वतंत्र अर्थिंग नाही, चालू-बंद करायला खटका नाही, नाणं आत पडू नये म्हणून एक टोपण असतं आणि तेही बहुतेक गाड्यांत दोन वर्षांत हरवतं. सर्वांत मोठी गंमत प्लगची आहे. त्याच्या टोकाच्या पिनीमागं स्प्रिंग असते आणि ती स्प्रिंग पूर्ण वेळ प्लगला बाहेर ढकलत असते. त्याला आत धरून ठेवायचं काम बाजूच्या पत्र्यांच्या घर्षणावर सोडलेलं. वीज घेण्यासाठी सॉकेट बनव, असं सांगितल्यावर शुद्धीवरचा कुठलाही इंजिनिअर असलं काही बनवणार नाही. कुणी बनवलंही नव्हतं. ही खाच सिगारेट पेटवण्यासाठी होती आणि तिच्यातून एका वेळी वीज वाहायची ती पंधराएक सेकंद. गाडीत लॅपटॉप चार्ज करताना काय करावं, काय करू नये याच्या ज्या सूचना आज ऐकायला मिळतात, त्यांतली जवळजवळ प्रत्येक सूचना या जन्मकथेतून आली आहे. इथे मांडायचा मुद्दा असा की घरातली वीजसुद्धा याच अवस्थेतून गेली होती, पण घर तिच्यातून बाहेर पडलं आणि गाडी जवळजवळ शंभर वर्षं तिथेच अडकून राहिली.

आधी घराचं पाहू. वीज घरोघरी आली ती दिव्यासाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बहुतेक घरांत भिंतीवर प्लग नव्हते. छतातून लोंबणारे दिव्यांचे होल्डर होते. मग इस्त्री, पंखा, टोस्टर ही उपकरणं बाजारात आली तेव्हा माणसांनी बल्ब काढला आणि त्या जागी उपकरणाची वायर पिळून बसवली. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावच्या हार्वी हबेलनं १९०४ मध्ये वेगळा करता येणाऱ्या प्लगचं पेटंट मिळवलं, तेही मुळात दिव्याच्या होल्डरलाच जोडायचं होतं. आपल्याकडेही टू-वे होल्डर लावून एका बाजूला बल्ब आणि दुसऱ्या बाजूला रेडिओ किंवा इस्त्री चालवायची रीत होतीच. ही रीत सुटली ती लोक अचानक शहाणे झाले म्हणून नव्हे. अमेरिकेत १८९७ पासून राष्ट्रीय वीजसंहिता होती आणि तिच्यामागं आगीचे दावे भरून थकलेल्या विमा कंपन्या होत्या. आपल्याकडे १९१० चा वीज कायदा आला, १९५६ चे नियम आले, पुढे प्लग-सॉकेटसाठी आयएस १२९३ हे मानक आलं. पाच अँपिअरचं सॉकेट वेगळं, पंधराचं वेगळं, तिसरी पिन अर्थिंगची, ती लांब आणि जाड. म्हणजे घराच्या विजेवर कुणीतरी पहारा ठेवला होता. वायरिंग तपासणारा होता, कनेक्शन नाकारू शकणारी वीज कंपनी होती. गाडीच्या वाटीला असा पहारेकरी कधीच मिळाला नाही.

गाडीत वीज रुजली ती सिगारेटमुळे नव्हे, इंजिन सुरू करण्यामुळे. हँडल मारून इंजिन फिरवताना ते उलट फिरलं की मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंगनं विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर बनवला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. त्या शब्दातला ‘स्टार्टर’ आपण टाकून दिला आणि ‘सेल्फ’ तेवढा ठेवला. ‘सेल्फ मार’, ‘सेल्फ घेत नाही’, ‘सेल्फ गेलाय’ ही आपली गॅरेजची भाषा थेट त्या यंत्रापासून निघाली आहे. सेल्फसाठी दणकट बॅटरी आली, बॅटरी भरायला डायनॅमो आला आणि एकदा गाडीत बारमाही वीज खेळू लागल्यावर तिच्यावर काय काय चालवता येईल याचा शोध सुरू झाला. हॉर्न, दिवे आणि पाठोपाठ सिगार पेटवायचं साधन. सुरुवातीचे लायटर वायरीला बांधलेले असत. रिळावर गुंडाळलेली वायर ओढायची, तापलेल्या तारेवर सिगार टेकवायची, वायर परत सोडून द्यायची. चालत्या गाडीत तापलेली तार वायरीसकट हातात धरण्यातला धोका सांगायला नको. १९२१ मध्ये अमेरिकेत वायरीविना लायटरचं पेटंट निघालं. तापणारा भाग खाचेत तापवायचा आणि मग उपसून हातात घ्यायचा. १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत काही गाड्यांत तो कारखान्यातूनच बसून येऊ लागला. या धंद्यात पुढे मोठी झालेली कॅस्को कंपनीसुद्धा ब्रिजपोर्टचीच. घराच्या प्लगचं आणि गाडीच्या लायटरचं गाव एकच निघावं हा निव्वळ योगायोग, पण दोघांची नशिबं किती वेगळी निघाली ते पाहायला तो उपयोगी पडतो.

लायटर म्हणून ही खाच अत्यंत हुशार होती, हे मान्य केलंच पाहिजे. लायटर आत दाबला की त्याची कड तळाशी असलेल्या द्विधातूच्या पाकळ्यांत अडकते आणि वीज वाहू लागते. गुंडाळी लाल होते, तिच्या उष्णतेनं पाकळ्या फाकतात, पकड सुटते आणि स्प्रिंग लायटरला टक् करून बाहेर फेकते. वीज आपोआप बंद. टायमर नाही, खटका नाही. उष्णताच उष्णतेला आवर घालते. दहाएक अँपिअरचा प्रवाह दहापंधरा सेकंद वाहणार, मग बराच वेळ काही नाही, हे गणित गृहीत धरून वाटीची जाडी, स्प्रिंगांचा दाब, मागच्या वायरीचा गेज आणि फ्यूज ठरले. बाहेर ढकलणारी स्प्रिंग हा या रचनेचा प्राण होता. लायटर आत अडकून राहिला तर आग, म्हणून सगळी रचना वस्तूला बाहेर काढण्यासाठी केलेली. आपण मात्र याच रचनेला प्लग तासन्‌तास धरून ठेवायला सांगतो. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या खड्ड्यांत चार्जरचा दिवा मध्येच विझतो आणि प्लग दोन बोटांनी पुन्हा आत दाबावा लागतो. तो बिघाड समजायचं कारण नाही. खाच तिचं मूळ काम इमानेइतबारे करत असते.

या खाचेचं सार्वजनिक वीजकेंद्र झालं ते हळूहळू, कुणाच्याही परवानगीविना. यात रेडिओचं उदाहरण मुद्दाम लक्षात घेण्यासारखं आहे, कारण तो या वाटेनं आला नाही. १९३० मध्ये गॅल्विन बंधूंनी मोटोरोला नावाचा गाडीचा रेडिओ बाजारात आणला. त्या काळच्या व्हॉल्व्हना शंभराहून अधिक व्होल्ट लागत आणि बहुतेक गाड्यांच्या बॅटऱ्या सहा व्होल्टच्या. सुरुवातीला वेगळ्या बॅटऱ्या जोडाव्या लागत. लवकरच व्हायब्रेटर आला. एक पाती सतत थरथरून डीसी प्रवाह तोडायची-जोडायची, ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवायचा आणि मग तो पुन्हा डीसी व्हायचा. लॅपटॉपच्या कार-अडॅप्टरमध्ये आज नेमकं हेच काम चिप करते, फक्त थरथरणारी पाती गेली. पण रेडिओ डॅशबोर्डच्या मागून, स्वतःच्या वायरीवर, स्वतःच्या फ्यूजसह बसायचा. कारागीर तो बसवून द्यायचा. १९७०च्या दशकात चित्र बदललं. अमेरिकेत १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली आणि पोलिसांना चुकवण्यासाठी, एकमेकांना सावध करायच्या सीबी रेडिओंची आणि रडार ओळखणाऱ्या यंत्रांची चलती झाली. ही यंत्रं गाडीत कायमची बसवायची नव्हती, गरजेला लावायची आणि लपवायची होती. त्यांना हाताशी असलेली एकच वीज दिसली, ती लायटरची. मागून टायरमध्ये हवा भरायचे पंप आले, मोबाईल आले, नकाशा दाखवणारी यंत्रं आली. सिगारेट ओढणारे कमी होत गेले तसं १९९०च्या दशकात कंपन्यांनी लायटर आणि रक्षापात्र काढून घेतलं, पण खाच ठेवली आणि तिला ‘पॉवर आउटलेट’ असं नाव दिलं. आजच्या कित्येक गाड्यांत तर त्या खाचेचं अंग प्लॅस्टिकचं असतं आणि तिच्यात लायटर घालू नये अशी स्पष्ट सूचना असते. म्हणजे आकार लायटरचा, दोष लायटरचे आणि लायटरलाच प्रवेश नाही!

यावर कुणी म्हणेल की पर्यायच नव्हता, तर दोष कुणाला देणार? पर्याय होता. आयएसओ ४१६५ या मानकाचा बारा मिलिमीटरचा छोटा, घट्ट बसणारा प्लग युरोपात कित्येक दशकं आहे. बीएमडब्ल्यूच्या मोटरसायकलींवर, ट्रॅक्टरवर, काही ट्रकमध्ये तो दिसतो. तो वीज घेण्यासाठीच बनला आहे, धक्क्यांनी सुटत नाही आणि जागाही कमी घेतो. विमान कंपन्यांनीही १९९०च्या दशकात प्रवाशांच्या लॅपटॉपसाठी एम्पॉवर नावाचं खास सॉकेट काढलं, पंधरा व्होल्टचं, पंचाहत्तर वॉटची मर्यादा पाळणारं. तरीही अमेरिकन एअरलाइन्सनं काही विमानांच्या आसनांत चक्क गाडीच्या लायटरचंच सॉकेट बसवलं होतं. जिथे सिगारेट ओढायला बंदी आहे तिथे सिगारेटची खाच! कारण साधं आहे. प्रवाशाच्या बॅगेत गाडीचा अडॅप्टर आधीपासून होता, एम्पॉवरचा नव्हता. उत्तम सॉकेट हरलं आणि सगळीकडे असलेलं सॉकेट जिंकलं. इथे घर आणि गाडी यांतला फरक पुन्हा समोर येतो. घरात असलं जिंकणं चाललं नसतं, कारण तिथे ‘हे चालणार नाही’ म्हणणारा कुणीतरी होता. गाडीत कार कंपनी म्हणत राहिली की आम्ही लायटर दिला होता, आणि अडॅप्टरवाला म्हणत राहिला की खाच आमची नाही. मधल्या अर्ध्या मिलिमीटरची जबाबदारी कुणाचीच नव्हती. हे अर्धं मिलिमीटर अलंकार म्हणून म्हटलेलं नाही. अमेरिकी मापाची वाटी जवळजवळ २१ मिलिमीटरची आणि युरोपात वापरली जाणारी साडेएकवीसची. म्हणून एकच प्लग एका गाडीत गच्च बसतो आणि दुसरीत डुगडुगतो.

इथवर सगळं निभत होतं, कारण खाचेवरची ओझी हलकी होती. मोबाईल पाच-सात वॉट घ्यायचा, नकाशाचं यंत्र थोडं जास्त. पहिला जड पाहुणा म्हणजे लॅपटॉप. त्याची अडचण दुहेरी होती. त्याला साठ-सत्तर किंवा त्याहून जास्त वॉट हवे होते, शिवाय व्होल्टही वेगळे. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टपर्यंत जातो. लॅपटॉपमध्ये असे तीन किंवा चार सेल एकापुढे एक जोडलेले. चारांचे १६.८ व्होल्ट झाले, वर चार्जिंगच्या सर्किटला थोडी जागा हवी, म्हणून एकोणीस-वीस व्होल्टचे अडॅप्टर रूढ झाले. तीनच सेल धरले तरी १२.६ व्होल्ट होतात. बारा व्होल्टचं पाणी त्याहून उंच टाकीत आपोआप कसं चढणार? म्हणजे गाडीतून लॅपटॉपला वायर जोडून भागणार नव्हतं; व्होल्टेज वर चढवणारं यंत्र मध्ये हवंच होतं. त्यात प्रत्येक कंपनीची पिन वेगळी. बाजारात ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टर आले, आठ-दहा टोकांच्या पाकिटासह आणि अंगावर एक सरकता खटका घेऊन: १५, १६, १८, १९, २०, २२, २४. योग्य टोक निवडायचं आणि योग्य आकड्यावर खटका आणायचा, हे काम अंधाऱ्या गाडीत ग्राहकानं करायचं. बॅगेत घासून खटका एक घर पुढे सरकला तर लॅपटॉप त्याची किंमत मोजणार. अशी जबाबदारी घरातल्या कुठल्याही प्लगनं वापरणाऱ्यावर कधी टाकली नव्हती.

आता सर्वांत जुना आणि सर्वांत भक्कम वाटणारा आक्षेप. बारा व्होल्टनं होणार काय? हात लावला तरी शॉक बसत नाही. खरं आहे, बसत नाही. पण शॉक व्होल्टेजवर अवलंबून असतो आणि जोडातली उष्णता प्रवाहाच्या वर्गावर. हिशेब घालू. ६५ वॉटच्या लॅपटॉपला अडॅप्टरची तूट धरून बहात्तर वॉट लागतात. घरात २३० व्होल्टवर हा प्रवाह एक तृतीयांश अँपिअरही भरत नाही. गाडीत बारा व्होल्टवर तो सहा अँपिअर होतो, म्हणजे एकोणीस पट. एकाच जोडाला सारखाच विरोध असेल तर उष्णता एकोणीसचा वर्ग, साडेतीनशे पटींहून अधिक. काळवंडलेल्या, सैल झालेल्या जोडाचा विरोध एक दशांश ओहम धरा. घरात तिथे एक शतांश वॉट उष्णता निर्माण होईल, कुणाला कळणारही नाही. गाडीत साडेतीन वॉट. म्हणजे जुन्या टॉर्चच्या चार-पाच बल्बांची उष्णता नखाएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या आत, दोन तास. तापलं की स्प्रिंगचा ताण जातो, ताण गेला की जोड आणखी सैल, सैल झाला की आणखी उष्णता. शेवटी टोक वितळतं आणि वितळण्यापूर्वी फ्यूज उडेलच याची खात्री नाही, कारण फ्यूजच्या दृष्टीनं सगळं ठीक चाललेलं असतं. सहा अँपिअर तर सहा अँपिअर. फ्यूज वायरीला वाचवतो, सैल जोडाला वाचवत नाही. म्हणून दहा मिनिटांनी प्लग बाहेर काढून त्याचं टोक बोटानं चाचपण्याइतका साधा उपाय दुसरा नाही. कोमट असेल तर चालेल. बोट टेकवत नसेल तर चार्जिंग बंद. आणि फ्यूज उडाला म्हणून दहाच्या जागी वीसचा घालणं किंवा तारेचा तुकडा गुंडाळणं म्हणजे मागच्या वायरीलाच फ्यूज करणं.

शिवाय हे बारा व्होल्ट नावालाच बारा आहेत. इंजिन चालू असताना ते साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास असतात. सेल्फ मारताना बॅटरीवर इतका भार येतो की क्षणभर ते सहा-सातपर्यंतही कोसळू शकतात. आणि अल्टरनेटर जोरात भरत असताना बॅटरीचा जोड निसटला तर वायरिंगमध्ये नेहमीच्या कित्येक पट व्होल्टेजचा झटका उसळतो, ज्याला इंजिनिअर ‘लोड डंप’ म्हणतात. चांगला अडॅप्टर हे सगळं पोटात घेतो, स्वस्तातला ते पुढे लॅपटॉपकडे पाठवून मोकळा होतो. म्हणून आधी इंजिन सुरू करावं आणि मग प्लग लावावा, सेल्फ मारण्यापूर्वी काढावा, ही जुन्या मेकॅनिकांची सूचना अंधश्रद्धा नाही. मोठ्या ट्रक-बसमध्ये तर चोवीस व्होल्ट असतात. फक्त बारासाठी बनलेला अडॅप्टर तिथे लावला की त्याचा शेवट ठरलेला. त्यावरचा हायवेवरचा तोडगाही तितकाच वाईट आहे. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच बारा व्होल्टची वायर काढतात. एक बॅटरी रोज उतरते, दुसरी रोज जास्त भरते आणि वर्षाच्या आत दोन्ही जातात.

‘मग इन्व्हर्टर घ्या, २३० व्होल्ट काढा आणि घरचाच चार्जर लावा,’ हा पुढचा आक्षेप. यात तथ्य आहे. घरचा चार्जर लॅपटॉपचा स्वतःचा असतो, पिनीचा आणि खटक्याचा घोळ मिटतो. पण वीज आधी बाराची २३० करायची आणि चार्जरनं ती परत एकोणीसवर आणायची, या दुहेरी चढउतारात दोनदा तूट येते. सहा अँपिअरच्या जागी सात लागतात. आणि खाच तीच असते. १५० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर चौदा अँपिअरच्या घरात मागतो, खाचेमागचा फ्यूज मात्र कित्येकदा दहाचा असतो. डब्यावरच्या १५० या आकड्याला मग काही अर्थ उरत नाही. शिवाय ज्या गाडीत शॉक बसत नाही एवढीच एक जमेची बाजू होती, त्या गाडीत आपण होऊन २३० व्होल्ट आणले. इन्व्हर्टर थेट बॅटरीवरून, स्वतःच्या जाड वायरीवर, बॅटरीजवळच्या स्वतःच्या फ्यूजसह बसवला तर तो चांगला पर्याय आहे. पण तेव्हा तो खाचेला वळसा घालून जातो, म्हणजे आपलाच मुद्दा सिद्ध करतो.

एक आक्षेप मात्र सहज उडवून लावण्यासारखा नाही. जगभर कोट्यवधी अडॅप्टर या खाचेत रोज चालतात आणि गाड्या काही रोज पेटत नाहीत. मग एवढा बाऊ कशाला? याचं प्रामाणिक उत्तर असं की खाच सुधारली नाही, पण तिच्यात जाणारी वस्तू सुधारली. प्लगच्या टोकात फ्यूज आला, तापमान वाढलं की स्वतःला बंद करणारी सर्किटं आली, वाहनातल्या अडॅप्टरसाठी अमेरिकेत यूएल २०८९ हे सुरक्षा मानक आलं. लॅपटॉपनंही आपली बाजू सांभाळली. सेल किती भरायचा हे अडॅप्टर ठरवत नाही, लॅपटॉपच्या आतलं सर्किट ठरवतं आणि सेल ४५ अंशांच्या वर गेला की बहुतेक लॅपटॉप चार्जिंग थांबवतात. नागपूरच्या मे महिन्यात काचा बंद करून उभ्या ठेवलेल्या गाडीत बसून ‘चार्जर बिघडला’ म्हणणाऱ्यानं हे ध्यानात घ्यावं. म्हणजे एका वाईट खाचेची भरपाई दोन्ही बाजूंच्या इलेक्ट्रॉनिक्सनं केली. पण ही भरपाई फक्त चांगल्या मालात असते. शंभर-दीडशे रुपयांच्या अडॅप्टरमध्ये पहिली कात्री याच भागांवर चालते आणि तो माल ज्या खाचेत जातो ती कुणालाच नाही म्हणत नाही.

खरा बदल झाला तो प्लगच्या दुसऱ्या टोकाला. १९९६ मध्ये यूएसबी आलं तेव्हा ते माहितीसाठी होतं, पाच व्होल्ट आणि अर्धा अँपिअर ही त्याची ऐपत. म्हणजे इथेही दुसऱ्याच कामाच्या खाचेतून लोक वीज घेऊ लागले, लायटरचीच गोष्ट पुन्हा. फरक एवढाच की या वेळी पहारेकरी जागा होता. उद्योगानं मिळून पॉवर डिलिव्हरी हा करार २०१२ मध्ये लिहिला, २०१४ मध्ये टाइप-सी आलं आणि २०२१ मध्ये त्याची मर्यादा २४० वॉटपर्यंत नेली. या कराराचा गाभा म्हणजे आधी बोलणं आणि मग वीज. जोडल्याबरोबर चार्जर फक्त पाच व्होल्ट देतो आणि आपल्याकडे काय काय आहे ते सांगतो: पाच, नऊ, पंधरा, वीस. लॅपटॉप त्यातलं हवं ते मागतो आणि मगच दाब चढतो. तीन अँपिअरच्या वर जायचं तर केबलमधली चिपसुद्धा ‘मला झेपेल’ असं सांगते, नाहीतर साठ वॉटवर थांबायचं. सरकत्या खटक्यावरचे सात आकडे आणि टोकांचं पाकीट एका फटक्यात इतिहासजमा झालं. युरोपीय संघानं याला कायद्याचं बळ दिलं: मोबाईलसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून, लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ पासून टाइप-सी बंधनकारक. घराला १९०४ च्या पुढच्या दोन पिढ्यांत मिळालं ते लॅपटॉपला एवढ्या उशिरा मिळालं.

तरी गाडीच्या बाजूचं टोक जिथल्या तिथे आहे. नव्या गाड्यांत टाइप-सीचं भोक कारखान्यातूनच येतं हे खरं, पण ते टाइप-सी दिसतं म्हणून लॅपटॉप भरेल असं नाही. कित्येक गाड्यांत ते पंधरा वॉटचंच असतं आणि लॅपटॉप त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मग पुन्हा अडॅप्टर, पुन्हा तीच वाटी. बारा व्होल्टच बदलावेत हा प्रयत्नही होऊन गेला. १९९०च्या दशकात ४२ व्होल्टच्या गाड्यांचा बेत मोठमोठ्या कंपन्यांनी आखला होता, तो बारगळला. चारशे व्होल्टच्या बॅटरीवर धावणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांतही दिव्यांसाठी, काचांसाठी आणि या खाचेसाठी बारा व्होल्टची वेगळी बॅटरी ठेवतात. म्हणून पुढची काही वर्षं तरी हिशेब आपल्यालाच करायचा आहे आणि तो फार अवघड नाही. गाडीच्या मॅन्युअलात फ्यूजचं पान काढा. सॉकेटसमोर १० लिहिलं असेल तर कागदोपत्री १२० वॉट मिळतात. तासन्‌तास चालवायचं तर त्यातले ऐंशीच आपले समजा. ६५ वॉटचा लॅपटॉप त्यात बसतो. त्याच वाटीवर तीनतोंडी स्प्लिटर लावून शेजारी पंप किंवा छोटा फ्रिज चालवला, तर बसत नाही.